घोट्यासाठी गुडघ्यातला तुकडा घेतला, तर गुडघ्याचंही ऑपरेशन झालेलं असतं

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "घोट्याच्या ऑपरेशनसाठी गुडघ्यातून कूर्चा आणि हाडाचा तुकडा घेतला तरी घाबरू नका. तिथे वजन येत नाही. सहा आठवड्यांत जागा पहिल्यासारखी भरते. तोवर गुडघा हलवू नका, कोलॅजन पावडर घ्या, तीन महिन्यांनी बिनधास्त गरबा खेळा." यातलं 'घाबरू नका' एवढंच बरोबर आहे. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण; घोट्यात ते खराब झालं की गुडघ्यातला तुकडा तिथे बसवतात.

"तिथे वजन येत नाही." कमी येतं. तुकडे काढतात ते मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरून: वाटी ज्या खोबणीत सरकते तिच्या काठावरून किंवा मधल्या खाचेतून. सपाट रस्त्यावर तिथे फारसा भार नसतो. पण गुडघा वाकवून वजन टाकलं की वाटी खोबणीवर दाबली जाते. म्हणून पेशंट रावपुऱ्यापर्यंत आरामात चालत जातो आणि दांडिया बाजारातल्या वाड्याचा उभा जिना उतरताना मात्र वाटीमागे दुखतं, करकरतं. 2016 च्या एका एकत्रित आढाव्यात गुडघ्यातलाच तुकडा गुडघ्यात बसवलेल्यांपैकी सुमारे 6 टक्क्यांना डोनर जागेचा, म्हणजे तुकडा काढला त्या जागेचा, त्रास आढळला. घोट्यासाठी घेतलेल्यांत सुमारे 20 टक्क्यांना. बहुतेकांना त्रास होत नाही, पण पाचातल्या एकाला होतो हे ऑपरेशनआधी सांगायलाच हवं.

"पहिल्यासारखी भरते." तुकडा बुचासारखा गोल असतो, साधारण 6 ते 10 मिमी रुंद, 10 ते 15 मिमी खोल. खालचा भाग हाडाने भरतो, कारण हाडाला रक्तपुरवठा असतो. कूर्चेला तो नसतो. वर जे तयार होतं ते तंतुमय, व्रणासारखं अस्तर. त्यात मूळच्या टाइप 2 ऐवजी मुख्यतः टाइप 1 प्रकारचं कोलॅजन (तंतू बनवणारं प्रथिन) असतं. ते चालतं, पण मूळच्याइतकं गुळगुळीत आणि टिकाऊ नसतं.

"गुडघा हलवू नका." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. भोकांतून रक्त सांध्यात उतरतं, गुडघा फुगतो आणि 20-30 मिली पाण्यानेसुद्धा मांडीचा पुढचा स्नायू, विशेषतः आतल्या बाजूचा, नीट आवळेनासा होतो. त्यात घोट्यासाठी बऱ्याचदा सहा आठवडे पाय टेकायचा नसतो. मांडी वाळते, वाटी नीट सरकत नाही आणि दोष डोनर जागेवर ढकलला जातो.

सर्जनने खास मनाई केली नसेल, तर पहिल्या दिवसापासून हे करा. पाय सरळ ठेवून मांडी आवळा, 5 सेकंद धरा. 10 वेळा, दिवसातून चार-पाचदा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या, कारण गेलेले शेवटचे 5 अंश परत मिळवणं फार जड जातं. बर्फ कापडातून, 15-20 मिनिटं. पाणी आहे का ते घरी बघता येतं: वाटीच्या आतल्या बाजूचा खळगा तळहाताने खालून वर पुसा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवा. खळगा पुन्हा फुगला तर पाणी आहे. त्या दिवशी व्यायाम वाढवू नका. ताप, जखमेतून स्राव, गुडघा अडकणं किंवा पोटरी सुजून दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कोलॅजन पावडर पोटात पचते, भोकात जाऊन बसत नाही.

राहिला गरबा. अनवाणी, वाकलेल्या एका पायावर गिरकी, तीही तासन्‌तास: वाटी, डोनर जागा आणि दुरुस्त केलेला घोटा तिघांवर एकदम ताण. तारीख बघून परवानगी देता येत नाही. दिवसभर चालूनही पाणी भरत नाही, वाटीच्या 10 सेमी वर मोजलेला मांडीचा घेर दुसऱ्या पायाच्या 1 सेमीच्या आत आहे, आणि पायरीवर त्या पायाने उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवताना वाटी दुखत नाही, एवढं जमलं की सर्जनला घोट्याबद्दल विचारा. त्यांनी हो म्हटलं तर पहिल्या रात्री दोन फेऱ्या, आणि सकाळी खळगा तपासा.