आतून जर्मन

मुलगी बघायला आता कुणी तिच्या घरी जात नाही, असं आत्याचं म्हणणं. "सहज भेटल्यासारखं भेटायचं." म्हणून तिने मुलीच्या मावशीशी संधान बांधून 'संगीत सौभद्र'ची तिकिटं काढली. नाटक बघता बघता एकमेकांचा अंदाज घ्यायचा आणि मध्यंतरात बटाटेवडा खाताना विषय काढायचा. ऐन वेळी आत्याचा गुडघा धरला आणि मी एकटाच निघालो. "वडील आधीच येऊन बसतील. टक्कल, चष्मा, झब्बा. कळेलच तुला." संगीत नाटकाला ही खूण! त्या वर्णनात न बसणारा पुरुष अख्ख्या नाट्यगृहात मी एकटाच होतो.

पोहोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन नांदी सुरू झाली होती. तिकिटावरचं अक्षर 'च' आहे की 'ज', हे अंधारात बघत उभा होतो, तेवढ्यात कुणीतरी हाताला धरून शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. "या, या. तुमचीच वाट बघत होतो." टक्कल होतं, चष्मा होता, झब्बा होता. मुलगी नव्हती.

"ती नाही आली?" मी धीर करून विचारलं.

"तिला कुठं आणता? जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात."

"अरेरे. पडली वगैरे का?"

"मागे एकदा पडली होती. तेव्हापासून मधूनच..."

इथे ऑर्गनने सूर धरला. मधूनच काय होतं ते कळायला एक पद, वन्समोर आणि पुन्हा तेच पद एवढं थांबावं लागलं.

सौभद्र पहिल्यांदा आलं १८८२ साली, पुण्यातच. किर्लोस्करांनी त्यात शंभरावर पदं घातली आणि प्रयोग रात्रभर चालायचे. आता कात्री लावून ते एका बैठकीत बसवतात, पण वन्समोरला कात्री लावायची कुणाची छाती नाही. मागच्या रांगेतल्या आजोबांनी तर पद संपायच्या आधीच वन्समोर देऊन टाकला, एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तसा.

"...कुरकुरते," काकांनी दहा मिनिटांनी वाक्य पुरं केलं. "विशेषतः पावसाळ्यात. पण आवाज! एकदा ऐकाल तर सोडणार नाही."

"आणि स्वभाव?"

काका विचारात पडले. "तुम्ही जसा हात चालवाल तशी ती."

"मी हात चालवणाऱ्यातला नाही हो, काका."

"म्हणजे अजून शिकताय? असू दे. दिसायला साधी आहे, पण आतून जर्मन."

शिस्तीची असणार. आमच्या घरात वेळेवर उठणारं कुणीतरी हवंच होतं. आणखी विचारावं, तर काका जुन्या काळचे गायक नट भाऊराव कोल्हटकर यांच्यावर घसरले; नाटकातली पहिली सुभद्रा त्यांनी केलेली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

रंगमंचावर तोवर बलरामदादा तापले होते. त्यांनी सुभद्रा दुर्योधनाला देऊ केलेली, आणि तिला हवा असलेला अर्जुन भगवी वस्त्रं लेवून संन्यासी होऊन बसलेला. त्याला बलरामदादा स्वतःच मानाने घरी आणतात, वर सुभद्रेलाच त्याच्या सेवेला लावतात.

"कपडे बदलले म्हणून माणूस ओळखू येत नाही?" मी काकांच्या कानाशी पुटपुटलो. "नाव-गाव विचारायला नको?"

"लोक चौकशीच करत नाहीत हो," काका म्हणाले.

मी मान डोलावली. काकांचं आडनाव मी अजून विचारलं नव्हतं.

"आता व्यवहाराचं," ते जवळ सरकले. "दोघंतिघं बघून गेले, पण फार पाडून मागतात. तुम्ही काय देणार?"

"मी देणार?"

"मग काय, मी देऊ?"

"कुणीच नाही! हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, काका. १९६१चा कायदा आहे!" हे जरा मोठ्यांदा झालं. आजोबांनी शूः केलं. पलीकडच्या एका बाईंनी मात्र माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

काका बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "भाता फाटलाय हे मी फोनवर सांगितलं होतं ना तुम्हाला?"

भाता.

कुरकुरणाऱ्या पट्ट्या, आतले जर्मन बनावटीचे सूर, जिन्यावरची दोन माणसं, सगळं एकदम समेवर आलं. पेटी! काका 'ते हार्मोनियम' म्हणाले असते, तर मी पहिल्या वाक्यालाच उठलो असतो. पण मराठीने पेटीला स्त्रीलिंगी करून ठेवलंय, आणि दीड तास माझी शोभा झाली.

मध्यंतरात दिवे लागले. दोन रांगा पुढे फोटोतली मुलगी, तिचे टक्कल-चष्मा-झब्बा, आणि शेजारी एक लांब केसांचा तरुण. वड्याच्या रांगेत तिचे वडील बायकोला सांगत होते, "मुलगा विचित्र वाटतो. म्हणाला, रूपाचं काही नाही, आवाज महत्त्वाचा. घरी आधीच्या चार आहेत, पण त्यांत अशी एकही नाही म्हणे." बायकोला ठसका लागला. मुलगी तोंडावर रुमाल धरून हसत होती; तिला बहुधा केव्हाच कळलं होतं. मग तिने त्या तरुणाला काहीतरी सांगितलं. तो कपाळाला हात लावून हसायला लागला, आणि दोघं वडे घ्यायचे विसरली.

पुढे होऊन खुलासा करणं माझं कर्तव्य होतं. पण अशा वेळी मधे पडायला मी काही बलराम नव्हे.

प्रयोग संपला तरी खरं गिऱ्हाईक काकांकडे फिरकलं नाही. शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. मला पेटीतलं ओ की ठो कळत नाही. पण जिच्याशी दीड तास मनातल्या मनात संसार केला, तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं? काका सांगतील तेवढे पैसे मोजले. जिन्यावर दोन माणसं लागतात हे अगदी खरं होतं. त्यातला दुसरा मी.

रिक्षात बसतो तोच आत्याचा फोन. "काय रे, पसंत पडली का?"

"पडली. घेऊनच निघालोय."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दबक्या आवाजात, "आणि तिचे वडील?"

"त्यांनीच एका बाजूने उचलून रिक्षात ठेवली."