गुडघ्यांसाठी पाचशे रुपयांची घरगुती जिम: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

‘गुडघेदुखी? जिम नको, डॉक्टर नको. ५०० रुपयांत घरीच मशीन बनवा.’ अशी सुरुवात असलेला मेसेज निरनिराळ्या रूपांत व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: घोट्याला दोन किलो वाळू बांधून रोज शंभर वेळा पाय सरळ करा, सायकलची जुनी ट्यूब ताणा, पीव्हीसी पाइपची लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं जिमचं मशीन) जोडा, विटा रचून चढ-उतर करा, जुनी सायकल स्टँडवर लावून पेडल मारा. २१ दिवसांत झिजलेली गादी भरून येते आणि ऑपरेशन टळतं.

यातली निम्मी साधनं चांगली आहेत, हे आधीच सांगून टाकू. वाळू आहे की लोखंड, हे स्नायूला कळत नाही. भार किती, सांध्यापासून किती अंतरावर आणि पाय कुठल्या कोनात असताना, एवढंच त्याला कळतं. नेमका त्याचाच विचार मेसेजात नाही.

‘घोट्याला दोन किलो वाळू बांधा, रोज शंभर वेळा पाय सरळ करा’

साठ किलोच्या माणसाचा गुडघ्याखालचा पाय पावलासकट साधारण साडेतीन किलोचा असतो. खुर्चीवर बसून तो आडवा सरळ धरला की हे वजन गुडघ्यापासून सुमारे २४ सेंटिमीटरवर लागतं; घोट्याला बांधलेला वाळूचा पट्टा सुमारे ४० सेंटिमीटरवर असतो. गुणाकार करून पाहा. नुसता रिकामा पाय उचलणं हेच घोट्याला दोन किलो बांधल्याइतकं पडतं. त्यावर आणखी दोन किलो चढवले की पहिल्याच दिवशी भार दुप्पट झाला. अर्ध्या किलोने सुरुवात केली तर तो पाव हिश्शाने वाढतो आणि सुरुवातीला तेवढा पुरे. रिकाम्या पायाने बारा वेळा सरळ होत नसेल, तर पट्टा अजून महिनाभर कपाटातच राहू दे.

दुसरी गोष्ट कोनाची. पाय खाली लोंबत असताना वाळूचा गुडघ्यावरचा भार शून्य असतो, ४५ अंशांवर साधारण ७० टक्के आणि पाय पूर्ण सरळ झाला की पुरा. म्हणजे सगळ्यात जड टप्पा शेवटचा. नेमक्या याच टप्प्यात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाला सगळ्यात कमी जागेवर टेकलेली असते, त्यामुळे तिथला दाब वाढतो. जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना वाटीच्या मागे दुखणाऱ्यांना शंभर वेळा हेच करायला सांगणं म्हणजे दुखण्याला बोलावणं धाडणं. त्यांनी लोंबत्या पायापासून अर्ध्या वाटेपर्यंतच पाय उचलावा. दुसरा मार्ग असा, की पट्टा घोट्यावरून सरकवून नडगीच्या मध्यावर बांधायचा. अंतर निम्मं, वाळूचा भारही निम्मा.

शंभराच्या आकड्याचंही तसंच. ज्या भाराने एका दमात शंभर वेळा जमतं, त्याने चिवटपणा वाढतो, ताकद फारशी नाही. ताकदीसाठी असा भार घ्या, की ८ ते १२ वेळांतल्या शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. असे तीन फेरे, मध्ये दीड मिनिट थांबून, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. वर नेताना दोन सेकंद, खाली आणताना तीन. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी तिन्ही फेऱ्यांत बारा सहज झाले, तर २०० ग्रॅम वाढवायचे.

हे २०० ग्रॅम वाढवता यावेत म्हणूनच पट्टा कप्प्यांचा हवा. जुन्या जीन्सच्या पायाचं ४० सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद कापड घ्या, रुंदीत दुमडा, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर उंचीची पट्टी होईल. तिला उभ्या शिवणी मारून पाच कप्पे करा, तोंडं वर उघडी ठेवा आणि तिथे वेल्क्रोची पट्टी लावा. वाळू चाळून, उन्हात दोन दिवस वाळवून, झिप लावायच्या छोट्या पिशव्यांत प्रत्येकी २०० ग्रॅम भरा. पिशवी दुहेरी घ्या, एकेरी पिशवी शिवणीला घासून फुटते. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते, म्हणजे एका पिशवीत सव्वाशे मिलीलिटर. तरी घरच्या काट्यावर तोलून घ्या. पट्ट्याच्या एका टोकाला लोखंडी कडी शिवा. पाच सेंटिमीटर रुंद वेल्क्रो कडीतून ओवून उलटा खेचायचा. कडी न लावता वेल्क्रो समोरासमोर चिकटवला, तर आठव्या-नवव्या वेळेला पट्टा ढिला होऊन पावलावर उतरतो.

कप्पे न करता एकच लांब पिशवी भरली तर सगळी वाळू खाली जमते आणि घोट्याच्या हाडावर आपटत राहते. समुद्राची वाळू घेऊ नका, मिठामुळे ती ओल धरते. तांदूळ-गहू भरले तर पावसाळ्यात त्यांत पोरकिडे होतील. पाण्याची बाटली दोरीने घोट्याला लटकवायची युक्तीही मेसेजात असते. तिचं वजन बरोबर लागतं, पण बाटली झोके खाते आणि प्रत्येक झोक्याला गुडघ्याला हिसका बसतो.

‘सायकलची ट्यूब जिमच्या मशीनइतकंच काम करते’

करू शकते. पण मशीनवर किलोचा आकडा असतो, ट्यूबवर नसतो. रबराचा ताण लांबीबरोबर वाढत जातो, म्हणून वीतभर मागे सरकून उभं राहिलात की कालचा व्यायाम आज वेगळाच होतो. त्यावर इलाज साधा आहे. प्रवासाची बॅग तोलायचा लटकता काटा मिळवा. ट्यूबचा व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, आतली पावडर धुऊन काढा आणि ट्यूबवर ५० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. एक टोक घट्ट बांधून दुसऱ्याला काटा अडकवा. खुणांमधलं अंतर ६०, ७० आणि ८० सेंटिमीटर होईपर्यंत ओढत प्रत्येक वेळी किलो लिहून ठेवा. मग जमिनीवर चिकटपट्टी लावून उभं राहायची जागा ठरवा. एवढं केलं की ट्यूब खरोखरच मशीन झाली.

पंक्चरचा पॅच असलेला तुकडा वापरायचा नाही, पॅचच्या कडेलाच ट्यूब फाटते. कात्रीने अरुंद पट्ट्याही कापू नका. कडेला बारीकशी खाच राहिली तरी चीर तिथूनच पुढे धावते. दर आठवड्याला ट्यूब उजेडात धरून वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या की फेकून द्या. दाराची मूठ आणि प्लास्टिकची खुर्ची बांधायला नालायक. जड पलंगाचा पाय बरा. आणि ताणाच्या रेषेत चेहरा कधीच आणू नका.

ट्यूबचा सगळ्यात चांगला उपयोग मेसेजात नाहीच. ट्यूबच्या तुकड्याला गाठ मारून, सपाट धरल्यावर ३० ते ३५ सेंटिमीटर भरेल असं कडं करा. ते गुडघ्यांच्या थोडं वर चढवून, गुडघे किंचित वाकवून, आडवी दहा पावलं इकडे, दहा तिकडे. पाय बाजूला नेणारे खुब्याचे स्नायू कमजोर असले तर उठताना-उतरताना गुडघा आत वळतो आणि वाटी तिरकी ओढली जाते. तिथे घोट्याला कितीही वाळू बांधली तरी मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

‘पीव्हीसी पाइपची लेग प्रेस’

हे करू नका. पाणी वाहून नेणारा पाइप आतल्या दाबासाठी बनवलेला असतो, वाकवणाऱ्या भारासाठी नाही. दोन पायांनी ढकलताना साधा माणूसही स्वतःच्या वजनाहून जास्त जोर लावतो आणि तो सगळा एल्बो आणि टी या पाइप जोडायच्या तुकड्यांच्या सांध्यांवर येतो. सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप चिकटवायच्या द्रवाने) जोडलेला सांधा धरून राहिला, तर त्याच्या कडेला पाइप तुटतो. उन्हात पडून ठिसूळ झालेला पाइप तर काही कुरबूर न करता एकदम तुटतो आणि त्याची तुटकी कड धारदार असते. लोखंडीच बनवायचं असेल, तर फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून घ्यावं लागेल. मग पाचशे रुपयांची गोष्ट संपली.

तशी गरजही नाही, कारण घरात लेग प्रेस आहेच. भिंतीला पाठ लावून ठेवलेली, न घसरणारी, ४५ सेंटिमीटर उंचीची लाकडी खुर्ची. हात छातीवर बांधून उठायचं, तीन सेकंद घेत खाली यायचं, बैठकीला नुसता स्पर्श झाला की पुन्हा वर. जड जातं? बैठकीवर घट्ट गादी किंवा फळी टाकून उंची ५५ करा. बसताना गुडघा जितका जास्त वाकतो तितका वाटीवरचा दाब वाढतो, म्हणून वाटी दुखणाऱ्यांनी वरूनच सुरुवात करावी आणि पाच-पाच सेंटिमीटरने खाली यावं. सोपं झालं की पाठीची सॅक छातीशी धरून त्यात दोन-दोन किलो वाढवा. मोल्डेड प्लास्टिकची खुर्ची मात्र टाइल्सवर सरकते, तिच्यावर हे नको.

पीव्हीसी अगदीच वाया घालवायचा नसेल, तर ड्रेनेजच्या चार इंची पाइपचा ४० सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि त्यावर जुनी योगा मॅट गुंडाळा. पलंगावर आडवं होऊन तो गुडघ्याखाली ठेवायचा आणि रिकामा पाय सरळ करून पाच सेकंद धरायचा. शेवटचे काही अंश सरळ होत नाहीत अशा गुडघ्याला हा चांगला.

‘विटा रचून स्टेप बनवा’

आपली नेहमीची वीट ९ बाय साडेचार बाय ३ इंचांची. तिच्यावर पाऊल पुरतं मावत नाही, दोन थर रचले की डुगडुगतात. आणि माणूस पडतो तो चढताना नाही, उतरताना, वीट मागे सरकल्यावर.

त्याऐवजी १९ मिलिमीटर प्लायवुडची पेटी करा. वरची फळी ६० बाय ३५ सेंटिमीटर. खाली ८ सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या: ३५ च्या दोन, ५६.२ च्या दोन आणि मधल्या आधाराला ३१.२ ची एक. सुतार या पट्ट्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून काढून देतो. वरची फळी पट्ट्यांच्या डोक्यावर बसली पाहिजे. पट्ट्यांच्या मध्ये अडकवून नुसती स्क्रूंवर पेलली, तर सगळं वजन स्क्रूंवर येतं. सांध्यांना फेविकॉल, वर दोन इंची स्क्रू, सुमारे १२ सेंटिमीटरच्या अंतराने. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर प्लायच्या कडेत शिरणारा स्क्रू थर उकलतो. वर रबराची मॅट चिकटवा, खाली चार कोपऱ्यांना रबराचे तुकडे. उंची जवळपास १० सेंटिमीटर होते आणि सुरुवात इथूनच करायची. पुढची पेटी १५ ची, तिला पट्ट्या १३ च्या. तोवर घरचा जिना वर चढायला मोकळाच आहे.

पेटीवर पूर्ण पाऊल ठेवा, टाचेवर भार घ्या, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. मागच्या पायाने उडी मारून चढलात तर काम त्या पायाने केलं. म्हणून मागची बोटं वर उचलून ठेवा, लबाडी लगेच बंद होते. एका हाताला भिंत असू द्या.

‘जुनी सायकल स्टँडवर लावून पेडल मारा’

मागचं चाक हवेत फिरत असेल तर त्याला रोध जवळपास नसतोच. आखडलेला गुडघा मोकळा करायला दहा-पंधरा मिनिटं हे छान, पण ताकद यातून येत नाही. ब्रेक थोडा आवळून रोध आणला, तर रिम तापते आणि रोध प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होतो. सीट बहुतेकांची फार खाली असते. पेडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे, इतकी ती वर घ्या. स्टँड पेडल मारायला बनवलेलं नाही, सायकल बाजूला कलंडते. म्हणून ती भिंतीला बांधा. साडीचा पदर, ओढणी आणि लहान मुलांची बोटं चेनपासून लांब.

‘२१ दिवसांत गादी भरून येते, ऑपरेशन टळतं’

गादी म्हणजे कूर्चा. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो आणि मोठ्या माणसाची झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही. २१ दिवसांत बरं वाटू शकतं, ते खोटं नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू नीट कामाला लावू लागतात म्हणून. स्नायू भरायला पुढे दीड-दोन महिने आणि त्याहून जास्त लागतात. तीन आठवड्यांनी ‘झालं’ म्हणून सोडलं तर हाती काही राहत नाही.

झिजेच्या गुडघेदुखीत व्यायामाने दुखणं कमी होतं आणि चालणं सुधारतं, याला भक्कम आधार आहे. वजन जास्त असेल तर तेही उतरवा: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. काहींचं ऑपरेशन यामुळे लांबतं, काहींना तरीही लागतं. तरीही ज्यांना लागतं त्यांचाही व्यायाम फुकट जात नाही.

प्रगती एक्स-रेत शोधू नका, खुर्चीत शोधा. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीवर बांधून, ३० सेकंदांत किती वेळा पुरतं उठता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी जमलं, तर पाय सरासरीपेक्षा कमजोर आहेत. दर महिन्याला त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा.

‘डॉक्टर नको’

व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं किंवा सूज आली, तर भार निम्मा करा. गुडघ्यात नुसतं कटकट वाजतं, दुखत नाही, तर त्याकडे दुर्लक्ष करा. पण गुडघा मध्येच अडकतो, चालताना एकाएकी दगा देतो, लाल आणि गरम होऊन ताप येतो, पोटरी एकाच बाजूची सुजून दुखते, किंवा पडल्यानंतर त्या पायावर भार देता येत नाही, यातलं काहीही असेल तर पट्टा, ट्यूब, पेटी सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्यांनी घोट्याला वजन कधी आणि किती बांधायचं, हे फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय ठरवू नये.