बैलाला थांबता आलं पाहिजे

बैलांना ट्रेडमिलवर चालवून वीज काढण्याचा व्हिडिओ सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. तिरका पट्टा, त्यावर बैल, खाली गिअरबॉक्स आणि अल्टरनेटर, तोंडासमोर चारा. प्रतिक्रियांमध्ये नुसतं कौतुक. मला तो पाहवला नाही. का, ते नीट सांगते.

बैलाने काम करू नये, असं मी म्हणत नाही. बैलांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या घरातली आहे मी. नांगर, वखर, उसाची गाडी, सगळं त्यांनीच ओढलं. पण औताला जुंपलेला बैल थांबू शकतो. दमला की पाय रोवतो, फारच झालं तर नांगराच्या सरीतच बसकण मारतो. मग शेपटी पिरगाळा नाहीतर शिव्या घाला, उठत नाही. शेवटी मालकाला जू उतरवावंच लागतं. तिरक्या पट्ट्यावर ही सोय नाही. तिथे बैलाच्या वजनानेच पट्टा मागे सरकतो. पाऊल टाकलं नाही तर तो स्वतःच मागे घसरणार, म्हणून बिचारा चालत राहतो. ब्रेक माणसाच्या हातात. व्हिडिओत चाबूक दिसत नाही म्हणून लोक खूश आहेत. इथे चाबकाची गरजच नाही!

हे यंत्र माणसांवरही वापरून झालंय. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंजिनिअरने इंग्लंडच्या तुरुंगांसाठी पायऱ्यांचं मोठं चाक तयार केलं. कैदी पायरी चढायचा, पायरी खाली जायची, हा आहे तिथेच. सक्तमजुरीची शिक्षा होती ती, आणि शतक संपता संपता तिथल्याच लोकांना ती अमानुष वाटू लागली.

बरं, एवढं करून मिळतं काय? चांगला बैल सलग कामात साधारण अर्धा हॉर्सपॉवर देतो, म्हणजे पावणेचारशे वॉटच्या आसपास. सहा तासांचे झाले सव्वादोन युनिट, तेही कागदावर. गिअरबॉक्स, अल्टरनेटर, बॅटरी यांतली गळती धरली तर हाती दीड युनिट आलं तरी पुष्कळ. दीड टनाचा एसी एवढी वीज तासाभरात संपवतो. एक किलोवॉटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट देतं.

आमचे आजोबा जू ठेवण्याआधी बैलाच्या खांद्यावर तळहात फिरवायचे. खांदा यायला लागला की आधी कातडी गरम लागते, मग सुजते, केस झडतात, आणि तरीही जुंपत राहिलं तर ओली जखम होते. हाताला गरम लागलं की त्या दिवशी औत बंद. ज्याचं काम, तोच कासरा धरून मागे चालत होता म्हणून हे त्याला कळायचं. तारेतून आलेल्या विजेवर पंखा लावणाऱ्याला कुणाचा पाय सुजलाय हे कसं कळणार? शिवाय नांगरट एक दिवस संपते. विजेची मागणी कधीच संपत नाही.

यावर शेतकरी विचारतात, महाराष्ट्रात २०१५ ला लागू झालेल्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हातारे बैल कत्तलीसाठी विकताही येत नाहीत, मग त्यांना पोसायचं कुणी? प्रश्न अगदी खरा आहे आणि त्याचं ओझं एकट्या शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. पण म्हणून गुडघे गेलेल्या जनावराला चढावर चालवायचं? दावणीला बसलेला बैलही रोज शेण देतो. त्यावर गोबर गॅस चालतो, स्लरी शेतात जाते. गोशाळांना अनुदान द्यायचंच तर यासाठी द्या.

प्राण्याकडून वीज घेणं सरसकट वाईट, असंही मला वाटत नाही. जपानच्या एनोशिमा मत्स्यालयात अंगातून वीज सोडणारा ईल मासा हलला की त्याच्या विजेवर ख्रिसमस ट्रीचे दिवे लागतात. त्याला टाकीत ठेवावं का हा वाद वेगळा, पण दिव्यांसाठी त्याला कुणी पळवत नाही.

आपल्याकडे जनावरांचा छळ रोखण्यासाठी १९६५ चे नियम आहेत: जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. पण ते गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी लिहिलेत. पट्ट्यावरचा बैल त्यात शब्दशः बसत नाही. ती दुरुस्ती आधी व्हायला हवी, आणि तोवर अशा प्रकल्पांना सरकारी पैसा मिळता कामा नये.

कुणी असा प्रकल्प प्रत्यक्ष पाहिला असेल तर कमेंटमध्ये लिहा: बैल थांबला की पट्टा आपोआप थांबतो का? जनावरांचा डॉक्टर किती दिवसांनी येतो? आणि बैलांची वयं काय आहेत?