मुंबईच्या एफएमवर मराठी नाही, कारण ‘मागणीच नाही’?

‘मुंबईत मराठी गाण्यांना श्रोता नाही, असता तर एखाद्या एफएमने दिवसभर मराठी लावलं असतं.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय, आणि मराठी माणसंच तो पुढे पाठवताहेत. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

श्रोता नाही? 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर आणि उपनगर मिळून मराठी मातृभाषेचे सुमारे 44 लाख लोक होते, हिंदीचे 36 लाख. यातले कित्येक मराठी लोक हिंदी गाणी हौसेने ऐकतात, हे मान्यच. पण ज्याला दोन्ही आवडतं त्याला एकच मिळत असेल, तर त्याने हिंदी निवडलं असं कसं म्हणता येईल?

‘कुणीतरी लावलं असतं’ हा मुद्दा लगेच पटतो, आणि नेमका तोच कच्चा आहे. हिशेब मांडा. समजा, 100 श्रोत्यांपैकी 85 जणांना हिंदी हवं, 15 जणांना मराठी. चार केंद्रं हिंदी लावताहेत. पाचवं हिंदीत उतरलं तर वाट्याला 17 येतात, मराठीत उतरलं तर 15. ते हिंदीतच जाणार. 15 जण होते तसेच राहतात! पीटर स्टायनर या अर्थतज्ज्ञाने 1952 मध्येच रेडिओबद्दल हे दाखवून दिलं होतं. मालकाकडे दोन केंद्रं असली की गणित बदलतं, कारण दोन्हीकडे तेच लावलं तर त्याचेच श्रोते फुटतात. पूर्वी एका शहरात एका कंपनीला एकच फ्रिक्वेन्सी मिळे. 2011 च्या धोरणाने ती अट सैल झाली. मुंबईत आधीच एक केंद्र असलेल्या ‘फीवर’ एफएमवाल्यांनी 2015 च्या लिलावात 91.9 ही दुसरी फ्रिक्वेन्सी सुमारे 123 कोटींना घेतली आणि तिच्यावर जुनी हिंदी गाणी लावली. त्या गाण्यांचे चाहते काय त्याच वर्षी जन्मले?

रेटिंगचा दाखला तर देऊच नका. मुंबईत श्रोते मोजण्याची पद्धत डायरीची होती: कोणतं केंद्र किती वेळ ऐकलं, त्याची नोंद घरातल्या माणसाने करायची. जे लागतच नाही, त्याची नोंद कोण करणार?

बंगळूरला 2001 मध्ये देशातलं पहिलं खासगी एफएम सुरू झालं, तेव्हा तिथेही हिंदी-इंग्रजीचा वरचष्मा होता. आज तिथली बहुतेक मोठी केंद्रं कन्नड लावतात.

राहिलं ‘मोबाइलवर ऐका की’. मोबाइलवर माणूस ठाऊक असलेलं गाणं शोधतो. इस्त्रीच्या दुकानात दिवसभर फुकट वाजणाऱ्या रेडिओवर मात्र न शोधलेलं, नव्या गायकाचं गाणं कानावर पडतं, आणि मराठीत नेमकी तीच सोय नाही.