तो कापडाचा रंग नाही, सळईचा गंज आहे

आमच्या पैठणकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. एका ग्लासात बोअरचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं. वीज जोडलेल्या सळया बुडवल्या की बोअरचं मिनिटभरात मातकट, फिल्टरचं जसंच्या तसं. खाली मजकूर: 'पैठणीच्या रंगाऱ्यांनी सोडलेला रंग बघा. पाण्यातला रंग विजेने ओळखता येतो.' यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि तिथेच लोक फसतात.

मामींच्या ओट्यावर फिल्टर विकणाऱ्याने हाच खेळ केला तेव्हा मी सळया उचलून पाहिल्या. एक ॲल्युमिनियमची, एक लोखंडाची. लोखंडाची कुरतडल्यासारखी झालेली. विजेने लोखंड विरघळतं, आधी हिरवट आणि हवा लागली की तांबूस साका. पाण्यात हा साका आधी नव्हता, सळईनेच तो घातला.

मग फिल्टरचं का बदललं नाही? क्षार काढले की पाण्यातून वीज धड वाहत नाही. आपल्याकडच्या बोअरचं पाणी मुळात जड. विक्रेत्याला म्हटलं, फिल्टरच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका. कुरकुरत टाकलं. तेही मातकट! (हे मीठ कुठल्या साडीतून उतरलं?) घरी करू नका, 230 व्होल्टचा मामला आहे.

'टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा, मुख्यतः क्षारांचा आकडा) जास्त म्हणजे रंग जास्त' हेही खोटं. तो मीटर फक्त वीजवाहकता मोजतो. लिटरमागे 1-2 मिलिग्रॅम गडद रंग डोळ्याला दिसेल, पण 600 च्या आकड्यात मीटरला तो कळायचाही नाही.

विजेने रंग ओळखायची खरी तपासणी वेगळीच. यारोस्लाव्ह हेरोव्हस्की या चेक रसायनशास्त्रज्ञाने 1922 मध्ये प्रागला पाऱ्याच्या थेंबावर ती सुरू केली, 1959 मध्ये त्याला नोबेल मिळालं. आता बहुधा कार्बनचा इलेक्ट्रोड (पाण्यात बुडवायची वीजवाहक कांडी) असतो. व्होल्टेज हळूहळू सरकवत नेतात. ॲझो रंगातला (कापडाच्या कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) दोन नायट्रोजनमधला दुहेरी बंध ठरावीक व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घेतो आणि प्रवाहाच्या आलेखावर टेंगूळ येतं: जागेवरून रंगाचा गट कळतो, उंचीवरून प्रमाण. ग्लासात काही दिसत नाही. प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये! तरी आधी नायट्रोजन वायूचे बुडबुडे सोडून पाण्यातला ऑक्सिजन हाकलावा लागतो, नाहीतर त्याचंच टेंगूळ येतं. रंग इलेक्ट्रोडला चिकटतो, म्हणून दर वेळी ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) बारीक पुडीने घासा. दोन रंगांची टेंगळं एकमेकांवर चढली तर दुसऱ्या पद्धतीने पडताळा.

रंगाऱ्यांच्या सांडपाण्याची तपासणी जरूर करावी, पण नमुना त्यांच्या नाल्यातून घेऊन. हा व्हिडिओ लातूरच्या बोअरवर काढला असता तरी असाच दिसला असता.

मामींनी फिल्टर घेतलाच. डाळ शिजत नव्हती, म्हणाल्या. त्याला माझी ना नाही.