तंबाखूची पुडी ठेवली, उंदराने तिची गादी केली

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच, यंदाही आलाय. "बोनेटमध्ये तंबाखूची पुडी आणि चार डांबरगोळ्या ठेवा, उंदीर जन्मात फिरकणार नाही. वायरीत सोयाबीन असतं म्हणून ते येतात. अल्ट्रासोनिक मशीन लावा, १०० टक्के गॅरंटी." खाली पंधरा अंगठे.

तंबाखूचं आधी, कारण तो प्रयोग मी स्वतः केलाय. गेल्या वर्षी गणपतीला गावी जाताना फडक्यात तंबाखू बांधून बॅटरीशेजारी ठेवला, नऊ दिवसांनी आलो तर गाडी चालूच होईना. बोनेट उघडलं तर बॅटरीमागे मस्त घरटं, बोनेटचा फोम कुरतडून केलेलं, आणि वर माझंच फडकं फाडून अंथरलेलं. तंबाखू तेवढा बाजूला सांडून ठेवलेला.

यावर लोक म्हणतात, आमच्याकडे तर चाललं बुवा. चालतं ना, चार दिवस! उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, रोजच्या वाटेवर काही वेगळं दिसलं की थोडे दिवस लांब राहतो आणि मग सवय झाली की परत सुरू. जुना मोजा ठेवला असतात तरी बहुतेक एवढंच झालं असतं.

डांबरगोळ्या बंद कपाटासाठी असतात. बोनेटखाली खालून वारा, वरून गरम इंजिन, वास टिकणार किती? आणि उरेल तो ब्लोअरमधून आत आपल्या नाकात. त्यात नॅफ्थलीन असेल आणि घरात जी-६-पीडी या रक्तपेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेलं मूल असेल तर त्या वासाने त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात, हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

सोयाबीनचं अर्धं खरंय. काही गाड्यांच्या वायरींचं आवरण सोयापासून बनवतात, अमेरिकेत त्यावरून टोयोटा आणि होंडावर केसही झाल्या, आणि तिकडे होंडा वायरींना गुंडाळायला तिखट घातलेली टेपही विकते. पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, तो शिशाचे पाइपसुद्धा कुरतडतो, तिथे कुठलं आलंय सोयाबीन?

अल्ट्रासोनिकचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा, आवाज आडोशापलीकडे जात नाही आणि बोनेटखाली तर सगळा आडोसाच. २००१ मध्ये अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना दाव्यांचे पुरावे आहेत का म्हणून तंबी दिली होती. गॅरंटी कसली देताय?

माझ्या गाडीचा खरा उलगडा गॅरेजवाल्याने एअर फिल्टरचा डबा उघडल्यावर झाला, आत मूठभर ज्वारी. शेजारच्या काकू पार्किंगच्या भिंतीलगत कबुतरांना टाकतात तीच. म्हणजे खायला भिंतीपाशी, राहायला माझ्याकडे! आता गाडी भिंतीपासून लांब लावतो, एक दिवसाआड फिरवतो, फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बसवलीय (उंदराचं पिल्लू पेन्सिलएवढ्या भोकातून जातं, म्हणून ६ मिलिमीटरहून बारीक), आणि पिंजरा भिंतीलगत, कारण उंदीर भिंत धरूनच पळतो. विष नको, एसीच्या पाइपात मेला तर महिनाभर वास. आणि लेंड्या, घाण उघड्या हाताने काढू नका, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ शकतो.

ज्वारी बंद करा म्हणून काकूंना सांगून पाहिलं. त्यांनीच मला तो मेसेज परत पाठवला.