मामांचा फॉरवर्ड आणि अमेरिकेची मिलिशिया

मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला तो मेसेज मी एरवी सोडून दिला असता. पण अकरावीतल्या भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेसाठी जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हा खटाटोप. मेसेजचा गोषवारा असा: स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेतल्या साध्या शेतकऱ्यांनी भिंतीवरच्या बंदुका काढल्या, झाडांआड लपून इंग्रजांना हरवलं, पगारी सैन्य लागलं नाही की परक्यांची मदत, निःशस्त्र माणसाच्या केसालाही धक्का लावला नाही, आणि हा सगळा आपलाच गनिमी कावा!

भिंतीवरच्या बंदुकांचं आधी उरकतो. मॅसॅच्युसेट्स या अमेरिकी वसाहतीत १६ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या अर्धवेळ फौजेत, नाव घालणं कायद्यानेच भाग होतं. कवायत होती, अधिकारी होते, सामाईक दारूगोळा होता. १९ एप्रिल १७७५ ला इंग्रज काँकॉर्ड गावाकडे निघाले ते हाच साठा जप्त करायला.

झाडांआडून मारा? झाला, त्याच दिवशी. पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानात उघड्यावर उभ्या राहिलेल्या मिलिशियाचे आठ जण मेले. मात्र बोस्टनला परतणाऱ्या इंग्रजांवर वाटेतल्या कुंपणांआडून असा मारा झाला की दिवसअखेर त्यांचे ७३ ठार. एवढं मामांना देऊन टाकू. पण तो एक दिवस; युद्ध पुढे आठ वर्षं चाललं.

त्या आठ वर्षांबद्दल खुद्द अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनचं ऐका. सप्टेंबर १७७६ मध्ये त्याने काँग्रेसला (वसाहतींच्या प्रतिनिधी सभेला) लिहिलं की मिलिशियावर विसंबणं म्हणजे मोडक्या काठीवर रेलणं. डिसेंबरात पुन्हा तेच रडगाणं: येतात कसे, जातात कधी, कळत नाही, शिधा संपवतात, कोठार रिकामं करतात आणि ऐन वेळी सोडून जातात. सेनापतीच असं म्हणतोय, आणि आपण म्हणायचं पगारी सैन्य लागलं नाही! १७८० मध्ये कॅम्डेनच्या लढाईत व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाची मिलिशिया संगिनी दिसताच पळाली, कित्येकांनी भरलेल्या बंदुका तशाच टाकल्या. उभे राहिले ते मेरीलँड आणि डेलावेअरचे पगारी शिपाई. पुढच्या जानेवारीत काउपेन्सच्या लढाईत अमेरिकन सेनानी डॅनियल मॉर्गनने शहाणपणा केला. मिलिशियाला सांगितलं, दोन-तीन फैरी झाडा आणि मागे सरका. मागे पगारी पलटण होतीच. लढाई जिंकली. मिलिशियाचा खरा उपयोग हा, आणि गावोगाव इंग्रजांच्या बाजूच्या लोकांना दाबून ठेवण्याचा. तो मोठाच होता, नाही कोण म्हणतंय.

पण ‘केसालाही धक्का नाही’ हे वाचून माझं डोकं फिरलं. मार्च १७८२. आजच्या ओहायोतलं नाडेनहुटन गाव. डेलावेअर या मूळ अमेरिकन जमातीचे ख्रिस्ती झालेले, शस्त्र न धरणारे लोक शेतात राहिलेला मका काढायला परतले होते. पेनसिल्व्हेनियाची मिलिशिया आली, मित्र म्हणून बोलली, मग त्यांना बांधलं. मारायचं की नाही यावर चक्क मतदान घेतलं. थोड्यांनी नकार दिला, बाकीच्यांनी हात वर केले. कैद्यांनी रात्र प्रार्थनेत आणि भजनात काढली. सकाळी त्यांना दोन घरांत नेऊन लाकडी हातोड्याने डोकी फोडली. ९६ माणसं, त्यात बायका आणि पोरं. दोन मुलगे वाचले, म्हणून हकिकत बाहेर आली. शिक्षा एकालाही नाही. हे भाचीच्या भाषणात बसतंय का, मामांनी सांगावं.

परकी मदत नव्हती म्हणे. १७८१ ला यॉर्कटाउनमध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस कोंडला गेला, कारण फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराचं तोंड अडवलं होतं आणि जमिनीवर हजारो फ्रेंच सैनिक होते. पुढे काय बोलायचं?

राहिला गनिमी कावा. मराठ्यांशी नातं लावायचंच असेल तर खरं आहे ते लावा: हाच कॉर्नवॉलिस नंतर गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला कॉर्नवॉलिसच्या बाजूने पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके फौज घेऊन उभे होते.